शिक्षकांना आकाश कोण शिकवणार? बी.एड., विज्ञान-गणित आणि एक संशोधन

मृगशीर्ष | १० डिसेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी नाशिकमधल्या एका बी.एड. महाविद्यालयात विज्ञान आणि गणित अशा दोन्ही अध्यापन पद्धती शिकवते. पीएच.डी.चा आराखडा लवकरच सादर करायचा आहे, आणि त्याआधी इथल्या जाणत्या मंडळींशी बोलायचं आहे.

विषय कसा सुचला ते सांगते. गेल्या आठवड्यात एका छात्राध्यापकाचा, म्हणजे बी.एड. करणाऱ्या शिकाऊ शिक्षकाचा, सहावीवर सराव पाठ होता. "दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली पडते," असं त्याने शिकवलं. तक्ता सुरेख, फलकलेखन नेटकं, मुलं हसतखेळत उत्तरं देत होती. निरीक्षण वहीत मी 'आशय स्पष्ट' असा शेरा लिहिला. घरी येताना मात्र मनात काहीतरी टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी अख्खी तुकडी बरोबर बाराला मैदानावर नेली. तोच मुलगा पाय जुळवून उभा राहिला. त्याची सावली उत्तरेकडे जवळजवळ त्याच्याच उंचीइतकी पसरली होती. सगळ्यांनी आधी मोबाईल काढून घड्याळं तपासली. एकजण म्हणाली, "बाई, आज ढगाळ होतं ना सकाळी, म्हणून असेल."

घड्याळ चुकलं असेल, ढग आले असतील, जमीन उतरती असेल असं सगळं सुचलं. शिकलेलं वाक्यच चुकीचं असेल हे कुणालाही वाटलं नाही. ही सगळी बी.एस्सी. झालेली मुलं आहेत.

नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे सूर्य खरोखर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस, २० मेच्या आणि २३ जुलैच्या आसपास. तोही बाराला नाही. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि आपण पावणेचौऱ्याहत्तरच्या जवळ, त्यामुळे इथली खरी मध्यान्ह साधारण साडेबाराच्या पुढे-मागे होते. मेमध्ये शाळांना सुट्टी आणि जुलैत आभाळ भरलेलं, म्हणून नाशिकच्या मुलाला शाळेत असताना हा दिवस बघायला मिळतच नाही. डिसेंबरात तर मध्यान्हीला एक मीटर काठीची सावली ९४-९५ सेंटीमीटर पडते. आणि २१ जूनला तीच सावली सहाएक सेंटीमीटरची असते, तीही दक्षिणेकडे! हे मी स्वतः वयाच्या चाळिशीत पहिल्यांदा मोजून पाहिलं.

वाचायला लागले तेव्हा कळलं की हा फक्त आपला प्रश्न नाही. १९८७ साली हार्वर्डच्या पदवीदान समारंभात २३ जणांना ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला का होतात असं विचारलं, तर २१ जणांची उत्तरं चुकली. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ जाते, हे तिथलंही लाडकं उत्तर. प्रत्यक्षात आपण सूर्याला सर्वांत जवळ असतो ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, आणि सर्वांत लांब जुलैच्या सुरुवातीला, १५ कोटी २१ लाखांवर. ऋतूंचं कारण २३.४ अंशांचा कल आहे. हे वाक्य माझ्या सगळ्या मुलांना पाठ आहे. पण हातात चेंडू देऊन "दाखव" म्हटलं की चेंडू सूर्याभोवती फिरता फिरता कलाची दिशाही बदलतो.

शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडलं की विषय येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं, आणि या दोन्हींच्या मधे शिक्षकाचं एक खास ज्ञान असतं. आपल्याकडे बी.एड.ला 'आशययुक्त अध्यापन' नावाने हे शिकवतो, आणि परीक्षेत त्याची व्याख्या विचारतो.

मला सुचवलेलं शीर्षक असं: 'बी.एड. छात्राध्यापकांसाठी खगोलशास्त्रीय संकल्पनांवर आधारित अध्ययन संचाची निर्मिती व परिणामकारकता.' मन मानत नाही. कुणी मार्ग दाखवाल का?

अनुस्वार | १० डिसेंबर, रात्री ११.१५

ताई, विषय फार मोलाचा आहे. मी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात काही काळ एका प्रकल्पावर होते, त्या अनुभवातून लिहिते.

'परिणामकारकता' शीर्षकातून काढता आली तर काढा. पूर्वचाचणी, पंधरा दिवस संच, उत्तरचाचणी, मग टी-मूल्य ०.०१ स्तरावर सार्थ, शून्य परिकल्पनेचा त्याग, म्हणजे गुणांतली वाढ योगायोगाची नाही असा निष्कर्ष. हे घडणारच, कारण जे विचारणार तेच आपण पंधरा दिवस शिकवलेलं असतं. तुमच्या त्या मुलाला तुम्ही लेखी चाचणी दिली असती तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. मैदानावर त्याची सावली पडली म्हणून तुम्हाला कळलं. तुमचं साधन तेच ठेवा.

व्होस्नियाडू आणि ब्रूअर यांचा १९९२ चा अभ्यास बघा. पहिली, तिसरी आणि पाचवीची मिळून ६० मुलं होती. पृथ्वी कशी आहे असं विचारलं तर मुलं 'गोल' म्हणत. पण पुढे विचारलं, सरळ चालत राहिलास तर कुठे पोहोचशील, कडा लागेल का, तर खरं चित्र बाहेर यायचं. कुणाची पृथ्वी थाळीसारखी होती. कुणी गोळ्याच्या पोटात सपाट जमिनीवर राहत होतं. कुणाच्या मते पृथ्वी दोन होत्या, एक आकाशातली गोल आणि एक पायाखालची. नंतर हैदराबादच्या मुलांबरोबर असाच अभ्यास झाला, तिथे पाण्यावर तरंगणारी पृथ्वी पुष्कळदा आली. मूल गोष्टींतून ऐकलेलं आणि पुस्तकातलं जुळवून स्वतःचं जग उभारतं. शिक्षकही तेच करतो, फक्त त्याच्या तोंडी पारिभाषिक शब्द असतात, म्हणून ते लपतं. शिक्षकांच्या मनातली ही चित्रं मराठीत कुणी नीट नोंदवली तर फार मोठं काम होईल.

आपल्याकडचं म्हणाल तर शमिन पाडळकर आणि जयश्री रामदास यांचं काम जरूर वाचा. प्राथमिक खगोलशास्त्र शिकताना हातवारे, अंगाच्या हालचाली आणि आकृत्या यांचा उपयोग कसा होतो, यावर त्यांनी महाराष्ट्रातल्या मुलांबरोबर काम केलं. अवकाशातली त्रिमिती वहीच्या पानावर येताना चपटी होते आणि हातवारे तिला पुन्हा उचलून उभं करतात. मुलाखती घ्याल तेव्हा व्हिडिओ करा. तोंड बरोबर बोलतं आणि हात चुकीचा फिरतो, असं वारंवार दिसेल.

आणि एक. तुमच्याच तुकडीला न्यादर्श म्हणून, म्हणजे अभ्यासाचा नमुना गट म्हणून, घेणार असाल तर थांबा. त्यांचे अंतर्गत गुण तुमच्या हातात आहेत, मग त्यांची संमती खरी कशी मानायची? निकाल लागल्यावर, आंतरवासिता संपल्यावर ज्यांना यावंसं वाटेल त्यांना घ्या. पाच-सहा जण पुरे. त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षात त्यांच्या मागे मागे राहा.

डोंगरवाटा | ११ डिसेंबर, सकाळी ६.५०

मी सुरगाणा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत आहे. मॅडम, एक कबुली द्यायची आहे.

आमच्याकडे मृगावर सगळ्यांचा जीव. ७-८ जूनला मृग लागला की राब भाजलेल्या जमिनीत पेरा. एकदा चौथीतली मुलगी म्हणाली, "गुरुजी, मृग लागला मग रातचा मृग दिसत का नाही? थंडीत तर दिसतो." मी म्हटलं, ढगांमुळे. ती गप्प बसली. तिला पटलं नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, कारण त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि आभाळ कोरडंठाक होतं.

उत्तर मला दोन वर्षांनी सुचलं. मृग लागला म्हणजे सूर्यच त्या नक्षत्रात जाऊन बसला. मृग सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबर मावळतो, मग रात्री दिसणार कुठून? सहा महिन्यांनी पृथ्वी पलीकडे गेली की तोच मृग रात्रभर माथ्यावर. एवढ्या एका प्रश्नात पृथ्वीचं वार्षिक फिरणं अख्खं आहे. ती मुलगी तोवर आश्रमशाळेत गेली होती.

आमच्या मुलांना सप्तर्षी माहीत नसतो, पण म्हातारीची खाट आणि ती चोरायला निघालेले तीन चोर माहीत असतात. तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, कधी माथ्यावर येतं त्यावरून त्यांचे आजोबा रात्रीचा प्रहर सांगतात. प्रशिक्षणात यातलं काही येत नाही. आम्हाला तालुक्याला बोलावतात, मागच्या वेळी तीन दिवस होतं. पडद्यावर सूर्यमालेची स्लाईड, सकाळ-दुपार सही, शेवटी लिंक भरायची. शिकवणारे साधनव्यक्तीही आमच्यातलेच, त्यांना जे मिळालं तेच ते पुढे देतात. तीन दिवसांत एकदाही कुणी "बाहेर चला" म्हणालं नाही.

सिडकोकर | ११ डिसेंबर, दुपारी ४.०५

सगळं पटतं, पण वर्गातली बाजूही मांडतो. मी खाजगी अनुदानित शाळेत आठवी ते दहावी गणित-विज्ञान शिकवतो. शिष्यवृत्तीचे जादा तास, मतदार यादीचं काम, ऑनलाईन माहिती भरणं, त्यात चाचण्या. तासिका पस्तीस मिनिटांची. वर्गात साठ मुलं, मैदान म्हणजे दोन इमारतींमधला बोळ. काठी रोवून वर्षभर सावली मोजा म्हणणं सोपं आहे. एका तासिकेत होईल आणि गणिताच्या पोर्शनमध्ये बसेल असं काही असेल तर मी सोमवारी करायला तयार आहे. मनापासून विचारतोय.

मृगशीर्ष | ११ डिसेंबर, रात्री ८.३०

सर, हा प्रश्न आल्याचा आनंद आहे. कवडसा घ्या. हातातल्या आरशावर कागद चिकटवा, मधे पाच मिलिमीटरचं भोक ठेवा. बोळातलं ऊन आरशावर घेऊन वीसएक मीटर लांब, सावलीतल्या भिंतीवर टाका. भोक चौकोनी ठेवलं तरी भिंतीवर गोलच उमटेल. मुलं इथेच थबकतात, त्यांना थोडा वेळ थबकू द्या. तो गोल म्हणजे सूर्याची प्रतिमा. साधारण १९ सेंटीमीटर भरेल. अंतराला व्यासाने भागा, १०७ च्या आसपास येईल. समरूप त्रिकोणाने हेच गुणोत्तर खऱ्या सूर्याला लागू होतं. १५ कोटी भागिले १०७, म्हणजे सुमारे १४ लाख किलोमीटर. सूर्याचा व्यास मुलांनी टेपने मोजला! आरशातून सूर्याकडे कुणी बघणार नाही एवढी काळजी मात्र कडक घ्या.

अनुस्वार, तुमचं संमतीबद्दलचं म्हणणं दिवसभर डोक्यात आहे. मी तुकडीच बदलते.

नवखी | ११ डिसेंबर, रात्री १०.२०

मी बी.एड. दुसऱ्या वर्षाला आहे, दुसऱ्या महाविद्यालयात. अमावस्येला चंद्रावर पृथ्वीची सावली पडते असं मला पदवीपर्यंत वाटायचं. कुणी विचारलंच नाही, म्हणून कुणाला कळलंही नाही.

मागच्या महिन्यात रोज गच्चीवरून चंद्र काढला. एका सकाळी नऊ वाजता कॉलेजला निघताना पश्चिमेला अर्धा चंद्र दिसला. पांढरा, ढगाच्या तुकड्यासारखा. मी गंगापूर रोडवर गाडी बाजूला घेऊन उभी राहिले. सूर्य माझ्या पाठीशी वर आलेला आणि चंद्राची उजळ बाजू बरोबर सूर्याकडे. त्या क्षणी कळलं की सावली कुणाचीही नाही, चंद्राची उजळलेली अर्धी बाजू आपल्याला कुठून दिसते एवढंच आहे.

मग आईच्या संकष्टीचा विचार आला. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताला उगवतो आणि चतुर्थीचा रात्री साडेआठ-नऊला, कारण तो रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येतो. आई उपास सोडायला ही वेळ वर्षानुवर्षं कॅलेंडरात बघते. मी पाठ टाचणात 'पूर्वज्ञान' लिहिते तेव्हा तिथे पुस्तकातलंच काहीतरी लिहिते. आईचं चंद्रोदयाचं ज्ञान तिथे लिहायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पंचवटीकर | १२ डिसेंबर, सकाळी ५.३०

मी निवृत्त गणित शिक्षक. छत्तीस वर्षं शिकवलं, आता पहाटे घाटावर फिरायला जातो.

गणिताच्या बाजूने थोडं. लीपिंग मा यांनी १९९९ मध्ये चिनी आणि अमेरिकन प्राथमिक शिक्षकांची तुलना मांडली. पावणेदोन भागिले अर्धा हे उदाहरण दिलं. ७२ चिनी शिक्षकांपैकी सगळ्यांचं उत्तर बरोबर, अमेरिकन शिक्षकांपैकी निम्म्यांनाही नीट जमलं नाही. पण खरा प्रश्न पुढचा होता. या भागाकाराला साजेशी गोष्ट सांगा. तिथे अमेरिकन शिक्षकांची पंचाईत झाली. मी आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत हे विचारून बघितलं होतं. 'छेद उलटा करून गुणा' सगळ्यांना येत होतं. "पावणेदोन लिटर दूध, अर्ध्या लिटरच्या किती पिशव्या" म्हणायला बराच वेळ गेला.

आकाश आणि गणित वेगळे विषय आहेत असं आपल्या पूर्वजांनी कधी मानलंच नाही. बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे उभी काठी, रोवायचा, विषुवदिनी मध्यान्हीला त्याची सावली मोजायची, ती त्या गावाची पलभा. नाशिकची येते ४.३७ अंगुळं. १२ ला २० अंशांच्या टॅनने गुणा, तेच. दहावीचं त्रिकोणमिती आणि पंचांग एकाच ओळीत आलं. चाळीसगावजवळच्या पाटणला शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला मठ स्थापन केला, त्याचा तो लेख. शिकवण्याची सोय करणं हेही खगोलाचंच काम मानलं गेलं होतं.

सिंहस्थाचं घ्या. गुरू सिंह राशीत आला की आपल्याकडे सिंहस्थ. बारा वर्षांनी येतो म्हणतो, पण गुरूची फेरी ११.८६ वर्षांची. सात फेऱ्यांना ८४ नव्हे, ८३ वर्षं लागतात. एक वर्ष कुठेतरी गळायलाच हवं. हरिद्वारला २०१० नंतरचा कुंभ २०२१ लाच झाला, तो यामुळेच. गावाला ठाऊक असलेल्या गोष्टीत केवढा मोठा अपूर्णांक दडलाय बघा. आणि २ ऑगस्ट २०२७ ची आषाढ अमावस्या लक्षात ठेवा. सिंहस्थाच्या दिवसांतच सूर्यग्रहण आहे. पश्चिम भारतातून खंडग्रास दिसायचं, ढगांनी वाट दिली तर. त्या दिवशी मुलांना दारं लावून घरात बसवायचं की कवडसा घेऊन अंगणात आणायचं, हे आत्ता घडणारे शिक्षक ठरवतील.

ध्रुवाचंही करा. हात लांब करून मूठ धरली की दहा अंश. नाशिकहून ध्रुव दोन मुठींवर. कन्याकुमारीला आठ अंश, म्हणजे मूठही पुरी नाही. का, ते संगत कोनाने आठवीतला मुलगा सिद्ध करतो, जर कुणी त्याला अंधारात उभं केलं तर.

डोंगरवाटा सर, तुम्ही माझ्या उत्तरेला आहात. २२ डिसेंबरला आपण दोघांनी मीटरभर काठीची मध्यान्हीची सावली मोजायची का? जमिनीवर वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवेल तिथे खूण, दुपारी पुन्हा शिवेल तिथे खूण. दोन वेळांचा मध्य ती मध्यान्ह.

डोंगरवाटा | २२ डिसेंबर, रात्री ८.१०

काका, मोजलं. ओळंबा लावून काठी उभी केली, जमीन शेणाने सारवून घेतली, रेषा चुन्याच्या. मध्यान्ह १२ वाजून ३४ मिनिटं, सावली ९७ सेंटीमीटर. टोक मात्र नीट दिसत नाही. दीड-दोन सेंटीमीटर नुसता धूसर पट्टा. मुलांमध्ये भांडण झालं, कुणी ९६ म्हणे, कुणी ९७. शेवटी मत घेतलं.

पंचवटीकर | २२ डिसेंबर, रात्री ९.००

माझी ९४.५. गणित मांडतो. सावली भागिले काठी हा सूर्य माथ्यापासून किती ढळलाय त्या कोनाचा टॅन. तुमचा कोन ४४.१३, माझा ४३.३८. फरक ०.७५ अंश. नकाशावर आपल्यात उत्तर-दक्षिण अंतर ६३ किलोमीटर. ३६० भागिले ०.७५ म्हणजे ४८०. गुणिले ६३, पृथ्वीचा परिघ ३०,२४० किलोमीटर. खरा ४०,००० च्या घरात. आता तुमची सावली ९६.५ धरून बघा. परिघ एकदम ३७,८०० च्या आसपास जातो! अर्ध्या सेंटीमीटरात साडेसात हजार किलोमीटर. आपण फार जवळ जवळ आहोत. कोल्हापूर जवळपास आपल्याच रेखांशावर आणि सव्वातीन अंश दक्षिणेला आहे, तिथला कुणी शिक्षक मिळाला तर चूक पुष्कळ कमी होईल.

सर, ते भांडण सोडवायला मत घेतलंत. पुढच्या वेळी सगळ्यांचे आकडे फळ्यावर लिहा आणि सरासरी काढा. ते भांडण हाच पाठ आहे.

सिडकोकर | २३ डिसेंबर, सायंकाळी ६.४५

काल कवडसा केला. भिंत सतरा मीटरवरच मिळाली, गोल १६ सेंटीमीटर. गुणोत्तर १०६. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं की गोल हळूहळू सरकतोय कशाने. तासिका संपली होती, पुढच्या बाईंनी आणखी दहा मिनिटं दिली.

डोंगरवाटा | ५ जानेवारी, रात्री ७.३०

एक अडचण आलीय. आज पुन्हा वर्तुळ काढलं. मध्यान्ह १२ वाजून ४१ मिनिटांनी आली. २२ डिसेंबरला ३४ होती. मुलांनी दोनदा तपासलं, मी मोबाईलची वेळ तपासली. गाव तेच, काठी तीच, जागा तीच. सात मिनिटं कुठून आली? एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, सूर्याचं घड्याळ मागं पडतंय."

या वेळी मी ढगांचं कारण दिलं नाही. मला माहीत नाही असं सांगितलं, आणि विचारून येतो म्हटलं.

मृगशीर्ष | ५ जानेवारी, रात्री ८.१५

सर, तुमची ही नोंद मला प्रबंधात घ्यायची आहे. तुमची लेखी परवानगी लागेल, आणि मुलांच्या पालकांचीही. शाळेत येऊन समजावून सांगेन, मग ठरवा.

पंचवटीकर | ५ जानेवारी, रात्री ८.४०

ज्यांना कारण माहीत आहे त्यांना विनंती, इथे आत्ता लिहू नका. गुरुजी, दर सोमवारी वर्तुळ काढत राहा, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. वेळा एका ओळीत फळ्यावर ठेवा, पुसू नका. ती मुलगी काय म्हणते ते तिच्याच शब्दांत मला कळवा.